तलावातली हिरवळ कोणती आणि किती? मामा तलावांवर ड्रोनने पाणवनस्पतींचा नकाशा

नोव्हेंबरात पाळीवर उभं राहून तलावाकडे पाहिलं की सगळं एकसारखं हिरवं दिसतं. त्या हिरव्यात कमळ असतं, शिंगाडा असतो, उथळ कडेला देवधान, म्हणजे रानटी धान, असतं, पाण्याखाली हायड्रिलासारख्या बुडालेल्या वनस्पती असतात आणि येव्याच्या, म्हणजे पाणी आत येतं त्या बाजूला बेशरमीचं रान माजलेलं असतं. यातलं काही मासोळीला आणि पाखरांना हवं असतं, काही तलाव गिळत असतं. ‘तलाव साफ करा’ असा ठराव होतो, जेसीबी उतरतो आणि चांगलं-वाईट सगळं एकाच ढिगात बाहेर पडतं. पुढच्या वर्षी मासे कमी का, हे मग कोणाला सांगता येत नाही, कारण आधी तलावात काय होतं हे कागदावर कुठेच नसतं.

तो कागद तयार करायला ड्रोन उपयोगी पडतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, सहा हजारांहून जास्त आहेत. धानाच्या बांध्यांना पाणी मिळावं म्हणून बांधलेले हे तलाव उथळ आहेत, आणि उथळ पाणी म्हणजे वनस्पतींची चंगळ. पण शेतावर ड्रोन फिरवून पिकाचा नकाशा काढणं वेगळं आणि तलावावर काढणं वेगळं. शेत जागचं हलत नाही. पाणी हलतं, चमकतं, वर-खाली होतं आणि त्यावरची झाडं वाऱ्याबरोबर जागा बदलतात. पहिल्या नकाशात जे घोटाळे होतात ते बहुतेक यातूनच.

उपग्रह असताना ड्रोन कशाला, हा प्रश्न रास्त आहे. सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं साधारण दर पाच दिवसांनी फुकट मिळतात. पण त्यातला सर्वांत बारीक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा. तेवढ्यात बेशरमीचं झुडूप, शिंगाड्याची वेल आणि मोकळं पाणी एकत्र कालवलं जाऊन एकच रंग उरतो. ६० मीटर उंचीवरून काढलेल्या ड्रोनच्या फोटोत त्याच चौकोनात साडेतीन लाखांहून जास्त ठिपके बसतात. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे उपग्रह आंधळा होतो, ड्रोन ढगांखालून उडतो. तरी नवेगावबांधसारख्या मोठ्या जलाशयावर महिन्या-महिन्याला नजर ठेवायची असेल तर उपग्रहच बरा. ड्रोनची खरी जागा पाच ते चाळीस हेक्टरच्या तलावांत, आणि तीही ‘हिरवं किती’ यापेक्षा ‘हिरवं कोणतं’ हे विचारायचं असेल तेव्हा.

उंची पानावरून ठरवा

किती उंचावरून उडवायचं हे बहुतेक जण बॅटरी पाहून ठरवतात. ते पानाच्या आकारावरून ठरवायला हवं.

फोटोतला एक ठिपका जमिनीवर किती सेंटिमीटरचा येतो याचं सूत्र सोपं आहे: सेन्सरची रुंदी गुणिले उंची, भागिले लेन्सची फोकल लांबी गुणिले फोटोच्या रुंदीतले ठिपके. एक इंची म्हटला जाणारा सेन्सर १३.२ मिमी रुंद असतो, त्याच्यासोबत ८.८ मिमीची लेन्स आणि ५४७२ ठिपक्यांचा फोटो धरला तर ६० मीटरवरून एक ठिपका १.६ सेंमीचा येतो, १०० मीटरवरून २.७ सेंमीचा आणि १२० मीटरवरून ३.३ सेंमीचा.

आता पानं पाहा. कमळाचं पान ४० ते ६० सेंमीचं, म्हणजे ६० मीटरवरून आडवे २५ ते ३५ ठिपके. गोल आकार, मधला फिकट ठिपका, पाण्यापासून वर उचललेल्या पानाची सावली, सगळं दिसतं. शिंगाड्याचा पानांचा गुच्छ २० ते ३० सेंमीचा, म्हणजे १२ ते १८ ठिपके. चांदणीसारखी मांडणी ओळखू येते. कुमुदिनीचं लहान पान ८-१० सेंमीचं, म्हणजे पाच-सहा ठिपके. एखादी वस्तू नजरेने ओळखायला आडवे किमान पाच ठिपके लागतात असं धरून चाला. याचा अर्थ १०० मीटरवर गेलात की कमळ आणि शिंगाडा हाती राहतात, कुमुदिनी निसटते. फक्त बेशरम मोजायची असेल तर १०० मीटर पुरे. तीन-चार मीटर पसरलेल्या झुडपासाठी ४० मीटरवर उतरून हजारो फोटो काढणं म्हणजे बॅटरी आणि रात्र दोन्ही वाया घालवणं.

६० मीटरवरून एक फोटो जमिनीवर ९० बाय ६० मीटर झाकतो. फोटो जुळण्यासाठी पुढच्या दिशेने ८० टक्के आणि बाजूला ७५ टक्के एकमेकांवर यावे लागतात. म्हणजे दर १२ मीटरला एक फोटो, आणि शेतात तास मारावेत तशा समांतर रेघा २२.५ मीटर अंतरावर. दहा हेक्टरच्या नुसत्या तलावाला यात ३७० फोटो लागतात. पण काठाबाहेरची ४० मीटरची पट्टी घेणं सक्तीचंच आहे (का, ते पुढे येईल). ती धरली की आकडा पावणेसहाशेच्या आसपास जातो आणि सेकंदाला ५ मीटर वेगाने उड्डाणाला पंचवीस मिनिटं लागतात. एका बॅटरीत हे काम उरकायला जाऊ नका. ३० टक्के बॅटरी उरली की परत बोलवा. शेतात ड्रोन आपटला तर पंखा बदलतो, तलावात पडला तर डोंगा घेऊन शोधावा लागतो आणि सापडला तरी भंगारच.

पाणी फोटोला दगा देतं

शेकडो फोटोंचा एक नकाशा करणारं सॉफ्टवेअर दोन फोटोंमधल्या सारख्या खुणा शोधतं. दगड, झुडूप, बांधाचा कोपरा. मोकळ्या पाण्यावर अशा खुणा नसतात, आणि ज्या दिसतात त्या लाटांच्या असतात, ज्या दोन सेकंदांनी पुढे सरकलेल्या असतात. मग नकाशाच्या मधोमध भोक पडतं, किंवा सॉफ्टवेअर ओढूनताणून जुळवतं आणि पाळ वाकडी होते. भोक परवडलं, वाकडी पाळ नाही, कारण ती पटकन लक्षात येत नाही.

यावर पहिला उपाय म्हणजे प्रत्येक रेघ जमिनीवर सुरू होऊन जमिनीवरच संपेल अशी आखणी. काठाबाहेरची पट्टी त्यासाठी. दुसरा, तलाव रुंद असेल तर त्याच दिवशी ११० मीटरवरून एक विरळ फेरी. तिथून एक फोटो १६५ बाय ११० मीटर झाकतो, त्यामुळे पाण्यावरच्या फोटोतही कुठलीतरी कड सापडते. तिसरा उपाय म्हणजे काहीच न करणं. जिथे फक्त पाणी आहे तिथे नकाशात भोक राहिलं तर राहू द्या आणि नंतर हाताने ‘मोकळं पाणी’ म्हणून रंगवा. आपल्याला वनस्पती मोजायच्या आहेत, आणि वनस्पती आहे तिथे खुणा सापडतातच. फक्त त्या भोकात पाण्याखालचं काही राहून गेलेलं नाही एवढं डोंग्यातून पाहून घ्या.

दुसरा दगा चकाकीचा. कॅमेरा सरळ खाली पाहत असतो. सूर्य माथ्यापासून जितके अंश ढळलेला असेल तितक्याच अंशांवर पाण्यात त्याचं प्रतिबिंब पडतं. वर सांगितलेल्या लेन्सची नजर मधोमधून बाजूला सुमारे ३७ अंश आणि कोपऱ्याकडे ४२ अंशांपर्यंत जाते. सूर्य माथ्यापासून ४५ अंशांहून जास्त ढळलेला असेल तर प्रतिबिंब चौकटीबाहेर राहतं. लाटांमुळे चकाकी थोडी पसरते, म्हणून आणखी थोडी मोकळीक ठेवा. फार खाली सूर्य असला तर झाडांच्या लांब सावल्या काठ झाकतात. तेव्हा सूर्य क्षितिजापासून ३० ते ४५ अंशांवर असताना उडवणं सर्वांत चांगलं. यासाठी ॲप लागत नाही. सपाट जागी उभं राहा: आपली सावली आपल्या उंचीएवढी असेल तर सूर्य ४५ अंशांवर, पावणेदोन पट असेल तर ३० अंशांवर.

विदर्भात याचा अर्थ महिन्यागणिक बदलतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात २१ अंश अक्षांशावर भर दुपारीही सूर्य ४५ अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे सकाळी साडेनऊ ते दुपारी अडीच हा सगळा वेळ आपला. मे महिन्यात मात्र सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि सोयीचा वेळ सकाळी पावणेआठ ते नऊ एवढाच उरतो. तसंही चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पुष्कळ ड्रोनच्या माहितीपुस्तिकेत ४० अंशांची मर्यादा दिलेली असते.

तिसरा दगा तरंगणाऱ्या झाडांचा. जलकुंभीला मुळं असतात पण ती जमिनीत रुतलेली नसतात. वारा उठला की अख्खा गालिचा सरकतो आणि एकाच उड्डाणात एकच गालिचा दोन ठिकाणी नोंदवला जाऊ शकतो. म्हणून वारा पडलेला असतानाच उडवा. आणि दोन महिन्यांच्या नकाशांची तुलना करताना जलकुंभीची जागा नाही, एकूण क्षेत्रफळ पाहा. अनुकूल ऋतूत ती दोन आठवड्यांच्या आत दुप्पट होऊ शकते, त्यामुळे दोन उड्डाणांत महिन्याचं अंतर पडलं तर मधलं काहीच कळत नाही.

पाण्याची पातळी लिहिली नाही तर नकाशा फुकट

याच एका गोष्टीवर सगळी तुलना उभी आहे आणि हीच सर्वांत जास्त विसरली जाते.

समजा तलावाचा तळ दर २०० मीटरला १ मीटर उतरतो. उथळ तलावात हा उतार काही विशेष नाही. मोरी उघडून धानाला पाणी दिलं आणि पातळी ३० सेंमी खाली गेली. उतारावरच्या बाजूला ६० मीटर रुंदीची पट्टी उघडी पडते. कालपर्यंत पाण्याखाली असलेली वनस्पती आज कॅमेऱ्याला दिसू लागते, आणि ज्याला पातळी माहीत नाही तो अहवालात लिहितो, ‘दोन महिन्यांत पाणवनस्पतींत मोठी वाढ’. वाढ कसली? पाणी उतरलं.

म्हणून प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी सांडव्याच्या माथ्यापासून पाणी किती सेंटिमीटर खाली आहे हे मोजून वहीत लिहा. पाण्यापर्यंत सोडलेल्या दोरीला गाठ मारून किंवा सांडव्याच्या भिंतीवर रंगाने पट्टी आखून हे होतं. दोन वर्षांची तुलना करायची तर शक्यतो पातळीत १० सेंमीपेक्षा जास्त फरक नसलेली उड्डाणं निवडा. तारीख सारखी असण्यापेक्षा पातळी सारखी असणं जास्त महत्त्वाचं, कारण पाऊस दरवर्षी एकसारखा पडत नाही.

वर्षाला तीन फेऱ्या पुरतात. पहिली ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर, तलाव भरलेला असताना: देवधान, शिंगाडा आणि तरंगती पानं तेव्हा पूर्ण रूपात असतात. (नोव्हेंबरच्या सुरुवातीला सकाळी दहा ते दुपारी पावणेदोन टाळा, तेव्हा सूर्य अजून वर असतो.) दुसरी जानेवारी-फेब्रुवारीत: पाणी निवळलेलं असतं आणि बुडालेल्या वनस्पती दिसण्याची सर्वांत चांगली संधी तेव्हाच. तिसरी एप्रिल अखेर: बाकी सगळं वाळलेलं असताना बेशरम हिरवीगार उभी असते आणि नकाशात अक्षरशः उठून दिसते. मात्र उन्हाळ्यात तलावाच्या पोटात कोणी गाळपेर केली असेल तर ते पीकही हिरवंच दिसतं. कुठे गाळपेर आहे हे गावात विचारून आधीच नकाशावर वेगळं काढून ठेवा.

उडवण्याआधी आणि उडवताना

कायद्याचं थोडक्यात. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, २ किलोपर्यंतचा मायक्रो, २५ किलोपर्यंतचा स्मॉल. ड्रोनची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. मायक्रो ड्रोन व्यावसायिक नसलेल्या कामासाठी उडवायला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पैसे घेऊन नकाशा करून देणाऱ्याला मात्र लागतं. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या भागात ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं. विमानतळाजवळ हे बदलतं: गोंदियाजवळ बिरसी आहे, नागपूर आहेच. तिथे हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मर्यादा २०० फुटांची, आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय नाहीच. अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनविभागाची लेखी परवानगी हवी. गडचिरोलीत नकाशावर हिरवं दिसलं तरी आधी पोलिसांना विचारा.

कागदाइतकंच गावाला सांगणंही आलं. सरपंच, पोलीस पाटील आणि ज्यांच्याकडे तलावाचा ठेका आहे ती मच्छीमार सहकारी संस्था यांना आदल्या दिवशी कळवा, जमल्यास दवंडी द्या. घाटावर बाया कपडे धुवायला, आंघोळीला येतात. त्या वेळेत ड्रोन वर नको, आणि घाटावरचे फोटो नकाशा झाल्यावर पुसून टाका. यात तडजोड नको.

पाखरांचं गणित वेगळं. गोंदिया-भंडाऱ्यात सारस आहेत आणि त्यांची वीण पावसाळ्यातली. कमळपक्षी तर तरंगत्या पानांवरच अंडी घालतो. जुलै ते ऑक्टोबर घरटं दिसलं तर तो भाग सोडून द्या, नकाशात पांढरा राहू द्या. हिवाळ्यात बदकांचा थवा बसलेला असेल तर ड्रोनने त्याच्यापासून शंभर मीटर दूरच उंची गाठू द्या, मग आत आणा. थेट पाखरांवर खाली उतरत जाणं सर्वांत वाईट. घार मागे लागली तर पळू नका, सरळ वर चढवा. झेप खालच्या दिशेने असते, वर चढण्यात ती मागे पडते.

कॅमेऱ्यात सगळं आपोआप ठेवलं की गडबड होते. पाण्यावर ऑटोफोकस भटकतो, म्हणून काठावरच्या लांबच्या झाडावर फोकस करून कुलूप लावा. व्हाइट बॅलन्स ऊन किंवा ढग यांपैकी एकावर पक्का ठेवा, नाहीतर एकच बेशरम एका रेघेत पोपटी आणि दुसऱ्या रेघेत निळसर येते. शटर १/१००० सेकंद ठेवा. सेकंदाला ५ मीटर वेगात तेवढ्या वेळात ड्रोन अर्धा सेंमी सरकतो, १.६ सेंमीच्या ठिपक्यापुढे ते क्षुल्लक. १/२०० ठेवलं तर अडीच सेंमी सरकेल आणि कुमुदिनी पुसट होईल. आभाळ पूर्ण भरून आलेलं असलं तरी चालतं, उलट चकाकी कमी होते. तुटक ढगांचा दिवस मात्र सोडून द्या.

परत येण्याची उंची पाळीवरच्या झाडांपेक्षा चांगली वीस मीटर जास्त ठेवा. जुन्या पाळींवर अर्जुन, मोह, चिंच अशी उंच झाडं असतात. पाण्यावर दहा मीटरच्या खाली घिरट्या घालू नका: ड्रोनच्या पोटातला सेन्सर लाटांना जमीन समजतो आणि ड्रोन लाटेबरोबर सरकू लागतो. आणि होकायंत्र जुळवताना सांडव्याच्या सळईवाल्या काँक्रीटवर उभं राहू नका.

जमिनीवरच्या खुणा

ड्रोनचा साधा जीपीएस काही मीटर चुकतो. एकाच तलावाचे दोन नकाशे एकमेकांवर बसवायचे तर पक्क्या खुणा हव्यात. ६० सेंमीचे काळे-पांढरे चौकोन रंगवलेले सहा ते आठ ताडपत्रीचे तुकडे काठाभोवती पसरून ठेवा आणि आरटीके जीपीएसने त्यांची जागा मोजा. ती मशीन दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत अचूक असते, भाड्याने मिळते. ते परवडत नसेल तर सांडव्याचे दोन कोपरे, मोरीचा कठडा आणि पाळीवरचे मोठे दगड यांवर पक्क्या रंगाने फुल्या मारा. तलाव पृथ्वीवर नेमका कुठे हे मीटरभर चुकेल, पण नोव्हेंबर आणि एप्रिलचे नकाशे एकमेकांवर बरोबर बसतील, आणि आपल्याला तेच हवंय.

खुणा काठावरच असल्यामुळे एक लपलेली चूक राहते. काठ बरोबर बसतो आणि मधला भाग फुगतो किंवा खचतो. ती पकडायची युक्ती तलावातच आहे: पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो. सॉफ्टवेअर फोटोंवरूनच उंचीचाही नकाशा काढतं, त्यात मधल्या आणि काठाजवळच्या तरंगत्या पानांची उंची तपासा. मधली पानं ४० सेंमी वर निघाली तर पानं उंच नाहीत, नकाशा फुगलाय.

नकाशाची प्रक्षेपण पद्धत निवडताना विदर्भ मधोमध कापला जातो हे लक्षात असू द्या. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली इथे यूटीएम या जागतिक नकाशा-जाळीतला झोन ४४ उत्तर. अमरावती, अकोला शहरं आणि लोणार झोन ४३ मध्ये. झोन चुकला तर क्षेत्रफळात बारीक फरक पडतो आणि दोघांचे नकाशे एकत्र करताना डोकेदुखी होते.

डोंग्यात बसल्याशिवाय नावं मिळत नाहीत

ड्रोनला रंग आणि आकार दिसतात, नाव दिसत नाही. नाव ढिवरांना माहीत असतं. कोणत्या वनस्पतीत मासा अंडी घालतो, कोणती जाळ्यात अडकते, कोणती गेल्या पाच वर्षांत आली, हे विचारायचं ठिकाण तेच. शक्यतो उड्डाणाच्या दिवशीच, फार तर त्याच आठवड्यात, डोंग्यातून फेरी मारा.

अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन करा, सांधे सोल्युशनने बंद करा म्हणजे तो तरंगतो. जिथे थांबाल तिथे चौकोन पाण्यावर टाका, वरून मोबाइलने फोटो घ्या, आत कोणती वनस्पती किती टक्के ते लिहा, काठीने खोली मोजा. मोबाइलचा जीपीएस तीन ते पाच मीटर चुकतो, म्हणून किमान दहा मीटर रुंद असलेल्या एकजिनसी पट्ट्यातच थांबा. दोन प्रकारांच्या सीमेवर घेतलेली नोंद कामाची नाही. प्रत्येक प्रकाराच्या तीसेक नोंदी हव्यात: अर्ध्या संगणकाला शिकवायला, अर्ध्या त्याची परीक्षा घ्यायला. परीक्षेच्या नोंदी तलावाच्या वेगळ्या भागातल्या असाव्यात, शिकवलेल्याच पट्ट्यातल्या शेजारच्या नकोत. नाहीतर विद्यार्थ्याला पेपर आधीच फुटलेला असतो.

बुडालेल्या वनस्पतींबद्दल अपेक्षा आवरती ठेवा. निअर इन्फ्रारेड प्रकाश पाण्याच्या वरच्या थरातच शोषला जातो, त्यामुळे शेतात कामाला येणारा एनडीव्हीआय (लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशावरून हिरवळ मोजणारा आकडा) इथे आंधळा. चांगला मल्टिस्पेक्ट्रल, म्हणजे प्रकाशाचे अनेक पट्टे वेगवेगळे टिपणारा, कॅमेरा आणून बुडालेला हायड्रिला मोजता येईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पाण्यात शिरतो तो निळा-हिरवा प्रकाश, तोही पाणी स्वच्छ असेल तरच. पांढऱ्या ताटलीला दोरी बांधून पाण्यात सोडा. ती जिथे दिसेनाशी होते त्या खोलीपर्यंतच कॅमेऱ्याला काही दिसलं तर दिसेल. गढूळ तलावात ही खोली हातभरही नसते. तिथे नकाशात ‘बुडालेल्या वनस्पती: मोजल्या नाहीत’ असं लिहा, ‘नाहीत’ असं नाही.

संगणकावर

फोटो जोडायला वेबओडीएम आणि नकाशावर काम करायला क्यूजीआयएस, दोन्ही फुकट. पाचशे-सहाशे फोटोंना १६ जीबी रॅम म्हणजे काठावर पास. दम लागला तर फोटो निम्म्या आकाराचे करून चालवा आणि रात्रभर लावून ठेवा, वीज जाणार नाही अशी सोय करून.

मग प्रश्न वर्गीकरणाचा. संगणकाला ठिपका-ठिपका ओळखायला लावलं तर तो फसतो: एकाच कमळाच्या पानात चमकणारा ठिपका ‘पाणी’ होतो आणि सावलीतला ‘बेशरम’. ठिपके ५ ते १० सेंमीचे करून घ्या, शेजारचे सारखे ठिपके एकत्र करून तुकडे पाडा आणि मग तुकड्यांना नावं द्यायला रँडम फॉरेस्टसारखी, नमुन्यांवरून शिकून वर्गवारी करणारी पद्धत वापरा. उंचीचा नकाशाही सोबत द्या. बेशरम दोन-तीन मीटर उभी असते, जलकुंभी सहसा कमरेच्या वर जात नाही. रंगाने न सुटलेला गुंता उंचीने सुटतो. देवधान आणि शेजारच्या बांधीतलं धान मात्र रंगानेही सारखं, उंचीनेही सारखं. तिथे तलावाची हद्द आधी आखून घेणं हाच इलाज.

खरं सांगायचं तर एकाच दहा हेक्टरच्या तलावासाठी हा खटाटोप करू नका. स्क्रीनवर पाहून हाताने रेघा ओढा. दोन मीटरपेक्षा लहान ठिगळं सोडून द्या. दीड-दोन दिवसांत काम होतं आणि अचूकताही चांगली येते. पंचवीस तलाव असतील किंवा दरवर्षी हेच करायचं असेल, तेव्हा संगणकाला शिकवा.

अचूकतेचा एक आकडा ऐकून समाधान मानू नका. शंभर तपासणी बिंदूंत साठ मोकळ्या पाण्याचे आणि सगळे बरोबर, वीस बेशरमीचे पण त्यातले दहाच बरोबर, बाकी वीसपैकी सोळा बरोबर. एकूण अचूकता ८६ टक्के, अहवालात झकास दिसते. आणि ज्यासाठी सगळं केलं ती बेशरम निम्मी चुकलेली. प्रत्येक प्रकाराचा आकडा वेगळा मागा.

बेशरमीसाठी नकाशा कसा वापरायचा

दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती जनावरं खात नाहीत, ती विषारी आहे. तिची कांडी ओल्या मातीत पडली की मुळं धरते. म्हणून वरून छाटून कांड्या तिथेच टाकल्या तर ती वाढते. ती पाणी उतरल्यावर, एप्रिल-मे मध्ये, मुळासकट काढून कोरड्या जागी पाण्यापासून दूर वाळवावी लागते.

एप्रिलच्या नकाशातून तिचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढा. पण झुडपांचा घेर म्हणजे बुंध्यांची संख्या नव्हे. तीन-चार ठिकाणी ५ बाय ५ मीटरच्या चौकोनात बुंधे प्रत्यक्ष मोजा, त्यावरून एकूण अंदाज करा आणि रोजगार हमीच्या अंदाजपत्रकाला तो जोडा. नकाशावर कामाचे पट्टे आखा, क्रमांक द्या. सुरुवात येव्याच्या बाजूने करा, कारण कांड्या पाण्याबरोबर तिथूनच खाली येतात. आणि नोव्हेंबरच्या नकाशात देवधान, कमळ जिथे दिसलं होतं ते पट्टे लाल रंगाने वेगळे दाखवा, म्हणजे तिथे यंत्र न नेता हातानेच काढता येईल.

काढल्यानंतरची तपासणी पुढच्या एप्रिलपर्यंत थांबवू नका. पावसाळ्यात उघडीप मिळाली की फक्त साफ केलेल्या पट्ट्यांवर ३० मीटरवरून छोटी फेरी मारा. एक ठिपका ०.८ सेंमीचा येतो आणि वीतभर फुटवाही ओळखता येतो. तेव्हा तो हाताने उपटता येतो, वर्षभराने कुदळ लागते.

मूळ फोटो पुसू नका. एका उड्डाणाचे चार-पाच जीबी होतात, एका हार्डडिस्कवर तलावाची वीस वर्षं मावतात. प्रत्येक फोल्डरच्या नावात तलाव, तारीख, उंची आणि सांडव्यापासूनची पातळी लिहा, आणि डोंग्यातल्या वहीच्या पानांचे फोटोही त्याच फोल्डरमध्ये टाका. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक मच्छीमार संस्थेत.